लेझरने चष्म्याचा नंबर घालवायचा असेल तर: तपासणी, पद्धती, खर्च आणि नंतरची काळजी

लेझरने नंबर घालवायचा म्हणजे कॉर्नियाचा थोडा भाग कायमचा काढून टाकायचा. कॉर्निया म्हणजे बुबुळासमोरचा पारदर्शक भाग. तिथून काढलेलं पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे कोणतं मशीन, कोणतं हॉस्पिटल, किती पैसे, हे सगळं नंतर बघायचं. आधी एवढंच ठरवायचं की या डोळ्यातून तेवढा भाग काढता येईल का. याचं उत्तर फक्त तपासणीत मिळतं. फोनवर कोणी देत असेल तर ते धरू नका. तपासणीला येणाऱ्यांपैकी काही जणांना 'तुमच्या डोळ्यांना हे करू नये' असं सांगितलं जातं. असं स्पष्ट सांगणाऱ्या डॉक्टरवर नाराज होऊ नका, त्यांनी तुमचा डोळा वाचवलेला असतो. या लेखात पैशांचा भाग मुद्दाम तपासणीनंतर ठेवला आहे.

लेझर नेमकं काय करतं

डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) असते आणि त्यातली सुमारे ४३ एकट्या कॉर्नियाची असते. म्हणून कॉर्नियाची वक्रता जराशी बदलली तरी नंबर बदलतो. मायनस नंबर असेल तर मधला भाग सपाट करतात. प्लस नंबर असेल तर मध्याभोवतीचा कड्यासारखा भाग काढतात, म्हणजे मध्य जास्त फुगीर होतो. सिलिंड्रिकल नंबरमध्ये एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी भाग काढला जातो.

हे काम करणाऱ्या लेझरचं नाव एक्सायमर. अरगॉन फ्लोराइड वायूपासून निघणाऱ्या या अतिनील किरणांची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर असते. हे किरण पेशीजाल जाळत नाहीत. रेणूंमधले बंध तोडतात आणि वरचा थर उडून जातो. एका स्पंदाला साधारण पाव मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चार हजारावा भाग, निघतो. १९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा परिणाम दिसला. १९८३ मध्ये डॉ. स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासोबत तो कॉर्नियावर वापरून दाखवला आणि त्यातून आजची सगळी पद्धत उभी राहिली. दुसरं लेझर फेम्टोसेकंद. त्याचे किरण कॉर्नियाच्या आत ठरावीक खोलीवर जातात, तिथे सूक्ष्म बुडबुडे तयार करतात आणि वरचा पृष्ठभाग न उघडता आतल्या आत काप घेतात.

कॉर्नियाची मध्यावरची जाडी बहुतेकांमध्ये ५०० ते ५८० मायक्रॉन असते, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. सगळ्यात वरचा सुमारे ५० मायक्रॉनचा थर, एपिथेलियम, निघाला तरी काही दिवसांत पुन्हा येतो. त्याखालचा मुख्य थर, स्ट्रोमा, पुन्हा येत नाही. नंबर कमी करण्यासाठी जे काही काढायचं ते स्ट्रोमामधूनच.

पहिला टप्पा: घरीच करायची चाचपणी

तपासणीची वेळ घेण्याआधी स्वतःला काही गोष्टी विचारा.

वय १८ पूर्ण आहे का? असलं तरी नंबर थांबला आहे का? निदान वर्षभरात नंबर अर्ध्या डायॉप्टरपेक्षा जास्त हललेला नसावा. त्यासाठी जुने चष्म्याचे कागद शोधून ठेवा, तोंडी सांगण्यापेक्षा ते जास्त उपयोगी. नंबर वाढत असताना ऑपरेशन केलं तर ऑपरेशन नीट होऊनही दोन वर्षांनी चष्मा परत लागतो, आणि लोक दोष लेझरला देतात.

गरोदरपण किंवा अंगावर पाजणं सुरू असेल तर थांबा, या काळात नंबर आणि डोळ्यांतला ओलावा दोन्ही बदलतात. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. त्यांनी डोळे कोरडे पडतात आणि जखम भरायला वेळ लागतो. संधिवातासारखे स्वयंप्रतिकार विकार, आटोक्यात नसलेला मधुमेह, डोळ्याला कधी झालेला नागिणीचा किंवा हर्पिसचा संसर्ग, घरात कोणाला केरॅटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा विकार) असणं, यातलं काहीही लपवू नका.

डोळे सतत चोळायची सवय असेल तर तीही सांगा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण चोळण्याने कमकुवत कॉर्निया आणखी फुगत जातो, आणि ॲलर्जीमुळे चोळणाऱ्यांत केरॅटोकोनस जास्त आढळतो.

चाळिशीच्या आसपास असाल तर एक गोष्ट आधीच पचवून घ्या. जवळचं वाचायला लागणारा चष्मा, म्हणजे आपली चाळिशी, या ऑपरेशनने टळत नाही, कारण ती आतल्या नैसर्गिक लेन्सची लवचिकता गेल्यामुळे लागते. उलट मायनस दोन नंबरची ४५ वर्षांची व्यक्ती आज चष्मा काढून आरामात वाचते. दूरचा नंबर शून्य केला की तिला वाचायला चष्मा लागेल. यावर मोनोव्हिजन हा पर्याय आहे. त्यात एक डोळा दूरसाठी आणि दुसरा मुद्दाम मायनस सव्वा-दीडवर ठेवतात. हे सगळ्यांना मानवत नाही, म्हणून आधी काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स घालून करून पाहा.

वैमानिक, सैन्य, पोलीस अशा नोकऱ्यांसाठी कोणती पद्धत चालते आणि ऑपरेशननंतर किती महिने थांबावं लागतं याचे नियम असतात. ते भरती करणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या.

दुसरा टप्पा: खरी तपासणी

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या आधी बंद करा. मऊ लेन्स निदान एक ते दोन आठवडे, सिलिंड्रिकल नंबरच्या मऊ लेन्स दोन आठवडे, कडक आरजीपी लेन्स तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. कालपर्यंत लेन्स घालून आज मोजमाप दिलं तर मशीन तो बदललेला आकार खरा धरून चालतं आणि चुकीचा नंबर कोरला जातो. हा नियम मोडून 'चालेल' म्हणणाऱ्या ठिकाणी पुढे जाऊ नका.

तपासणीला दोन-तीन तास लागतात. शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्यामुळे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. गाडी चालवत जाऊ नका, गॉगल सोबत ठेवा.

नंबर दोनदा काढला जातो, एकदा साधा आणि एकदा थेंब घालून. तरुणांचे डोळे तपासताना नकळत जोर लावतात आणि मायनस नंबर खऱ्यापेक्षा जास्त निघतो. थेंबांनी तो जोर सुटतो. दोन्हींत बराच फरक आला तर पुन्हा बोलावतात. पॅकिमेट्रीने जाडी कळते.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी कॉर्नियाच्या नकाशाची: टॉपोग्राफी, आणि त्याहून चांगली टोमोग्राफी, जिच्यात पुढच्या पृष्ठभागाबरोबर मागचाही दिसतो. पेंटाकॅम हे त्यातलं ओळखीचं मशीन. केरॅटोकोनसची सुरुवात पुष्कळदा मागच्या पृष्ठभागावर आधी दिसते, तेव्हा चष्म्याने नजर अगदी उत्तम असते आणि रुग्णाला कसलीच तक्रार नसते. अशा डोळ्यावर लेझर केलं तर कॉर्निया पुढे फुगत जातो. रंगीत नकाशाच्या खालच्या भागात एका बाजूला गडद लाल ठिपका दिसला, किंवा दोन डोळ्यांच्या नकाशांत ठळक फरक असला, तर 'हे काय आहे' असं थेट विचारा.

कोरडेपणाही मोजून घ्या. शर्मर तपासणीत पापणीच्या कडेला कागदाची पट्टी लावतात आणि पाच मिनिटांत ती किती भिजली ते पाहतात. १० मिलिमीटरच्या आत म्हणजे ओलावा कमी. अश्रूंचा थर किती वेळ टिकतो तेही बघतात, १० सेकंदांच्या आत फुटत असेल तर आधी कोरडेपणावर उपचार. अंधारात बाहुली किती मोठी होते, डोळ्याचा दाब किती, आणि शेवटी मागचा पडदा कसा आहे, एवढं झालं की तपासणी पूर्ण. मायनस नंबरच्या लांबट डोळ्यांत पडद्याच्या कडेला विरळ जागा किंवा छिद्र सापडू शकतं. तसं असेल तर आधी त्याच्याभोवती वेगळ्या लेझरने डाग देऊन ते बंदिस्त करतात आणि मगच नंबरचं ऑपरेशन.

पडदा पाहिलाच नाही, किंवा अर्ध्या तासात 'तुम्ही फिट' असं सांगितलं, तर ती तपासणी अपुरी समजा.

तिसरा टप्पा: जाडीचा हिशेब स्वतः करून बघा

हा हिशेब डॉक्टरांचं सॉफ्टवेअर जास्त बारकाईने करतं, पण ढोबळ आकडा तुम्हालाही काढता येतो आणि काढावाच. दर डायॉप्टरला किती मायक्रॉन जाणार हे ऑप्टिकल झोनवर, म्हणजे दुरुस्त होणाऱ्या गोलाच्या व्यासावर, ठरतं. व्यास ६ मिलिमीटर असेल तर सुमारे १२ मायक्रॉन, ६.५ असेल तर १४, ७ असेल तर १६.

समजा कॉर्निया ५२० मायक्रॉन, नंबर मायनस ६, झोन ६.५ मिलिमीटर, पद्धत लॅसिक आणि फ्लॅप, म्हणजे लॅसिकमध्ये झाकणासारखा उचलायचा कॉर्नियाचा वरचा पापुद्रा, ११० मायक्रॉनचा. लेझरने जाणार ८४. फ्लॅप पुन्हा बसवला तरी तो डोळ्याला बळ देत नाही, म्हणून तोही वजा करायचा. ५२० मधून ११० आणि ८४ गेले की खाली ३२६ मायक्रॉन उरतात. किमान मर्यादा २५० धरतात, पण सावध सर्जन २८० ते ३०० च्या खाली जायला तयार होत नाहीत. दुसरी कसोटी टक्केवारीची: फ्लॅप आणि लेझर मिळून १९४ मायक्रॉन, म्हणजे मूळ जाडीच्या ३७ टक्के. हा आकडा ४० च्या खाली असावा.

आता कॉर्निया ५०० आणि नंबर मायनस ९ घ्या. जाणार १२६, उरणार २६४, आणि टक्केवारी ४७. उरलेला आकडा २५० च्या वर आहे म्हणून कोणी 'बसतंय' म्हणेल, पण हा डोळा लॅसिकसाठी सोडून द्यावा. झोन कमी करून जाडी वाचवता येते, मात्र रात्री बाहुली झोनपेक्षा मोठी झाली की दिव्यांभोवती वलयं दिसतात. काटकसर कुठे केली ते विचारून घ्या.

सपाटपणालाही मर्यादा आहे. वक्रताही डायॉप्टरमध्येच मोजतात आणि मायनस नंबरच्या दर डायॉप्टरला ती सुमारे ०.८ ने उतरते. मुळात ४१ असलेल्या कॉर्नियावर मायनस ८ काढला तर ती ३४.६ वर येते; ३५ च्या खाली गेल्यावर दिसण्याची प्रत घसरते, तक्ता वाचता आला तरी.

चौथा टप्पा: पद्धत निवडणं

पीआरके ही सगळ्यात जुनी आणि अजूनही भरवशाची. वरचं एपिथेलियम काढून थेट पृष्ठभागावर लेझर देतात; ट्रान्स-पीआरकेमध्ये ते थरही लेझरच काढतं. फ्लॅप नाही, त्यामुळे जाडी वाचते आणि पुढे मार लागून फ्लॅप सरकायची भीती नाही. पातळ कॉर्निया, कुस्ती-बॉक्सिंगसारखे खेळ, यांच्यासाठी हीच बरी. किंमत मोजावी लागते ती दुखण्याची आणि वेळेची: दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं, आणि नजर पूर्ण स्थिरावायला एक ते तीन महिने लागतात. मोठ्या नंबरमध्ये कॉर्नियावर धुकट डाग पडू नये म्हणून मायटोमायसिन-सी हे औषध काही सेकंद लावून धुऊन टाकतात.

लॅसिकमध्ये ९० ते १२० मायक्रॉनचा फ्लॅप करून उचलतात, खाली एक्सायमर लेझर देतात आणि फ्लॅप परत ठेवतात. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना छान दिसतं. फ्लॅप ब्लेडने, म्हणजे मायक्रोकेराटोमने, करतात किंवा फेम्टोसेकंद लेझरने. ब्लेडचा फ्लॅप जास्त जाड आणि मध्याला-कडेला असमान असू शकतो. फेम्टोची खोली नेमकी ठरवता येते. दोघांच्या दरात फरक असतो, तेव्हा 'लॅसिक' एवढाच शब्द ऐकून भाव ठरवू नका.

स्माईलमध्ये फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियाच्या आत भिंगासारखी एक चकती कापतं आणि सर्जन ती २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. फ्लॅप नाही, पृष्ठभागावरच्या नसा कमी तुटतात, कोरडेपणा सुरुवातीला कमी असतो. पण तेवढ्याच नंबरसाठी लॅसिकपेक्षा थोडं जास्त पेशीजाल जातं, कारण चकती न फाटता निघावी म्हणून तिला किमान जाडी द्यावी लागते. पहिल्या काही दिवसांत नजर लॅसिकपेक्षा किंचित सावकाश उघडते. नंबर थोडा राहिलाच तर पुढची दुरुस्ती बहुधा पीआरकेने करावी लागते.

मोठा नंबर किंवा पातळ कॉर्निया असणाऱ्यांना लेझरऐवजी आयसीएल सुचवतात. ही लेन्स डोळ्याच्या आत, बुबुळाच्या मागे आणि नैसर्गिक लेन्सच्या पुढे बसवतात. ती काढता येते, पण डोळा आतून उघडावा लागतो, म्हणून जोखीम वेगळ्या प्रकारची. सगळ्यात नवीन पद्धत सगळ्यात चांगली असं समीकरण इथे चालत नाही. तुमच्या नकाशाला आणि जाडीला जी बसते ती चांगली.

पाचवा टप्पा: पैसे

तपासणी झाली, पद्धत ठरली, आता भाव. पहिला प्रश्न: सांगितलेला दर एका डोळ्याचा की दोन्हींचा? जाहिरातीतला 'पासून सुरू' हा आकडा पुष्कळदा एका डोळ्याचा, कमी नंबरचा, सिलिंड्रिकल नसलेला आणि ब्लेडच्या फ्लॅपचा असतो. तुमच्या नंबरचा, तुमच्या पद्धतीचा दर लेखी घ्या आणि त्यात काय-काय धरलंय ते ओळीने लिहून मागा: तपासणीची फी, दोन्ही डोळे, कर, औषधाचे थेंब, पीआरके असेल तर बँडेज लेन्स (जखम भरेपर्यंत डोळ्यावर ठेवायची मऊ लेन्स), पुढच्या सगळ्या भेटी, आणि नंबर राहिला तर दुसऱ्यांदा लेझर.

दुसऱ्यांदा लेझर करायची हमी नीट वाचा. किती वर्षं, किती नंबर राहिला तर, आणि भेटी चुकवल्या तर ती रद्द होते का? 'आयुष्यभर मोफत' लिहिलेलं असलं तरी कॉर्नियात जाडी उरली नसेल तर ती हमी कागदावरच राहते. तुमच्या जाडीत एकदा दुरुस्ती करायला जागा उरते का, हे तिसऱ्या टप्प्यातल्या हिशेबातून कळतं.

तपासणीआधी ऑपरेशनची आगाऊ रक्कम भरू नका. भरावीच लागली तर 'डोळे योग्य नसल्यास पूर्ण परत' असं लिहून घ्या. आज ठरवलं तरच सवलत, असा आग्रह झाला तर घरी या. नंबर एका आठवड्यात पळून जात नाही.

हप्त्यांचं गणित एकदा मांडून बघा. दर १०० धरा. रोख भरल्यास ५ सूट, म्हणजे ९५. 'बिनव्याजी' १२ हप्ते घेतले तर सूट नाही, शिवाय ३ प्रक्रिया शुल्क सुरुवातीलाच. म्हणजे तुम्हाला प्रत्यक्षात ९२ ची सोय मिळाली आणि तुम्ही दरमहा ८.३३ प्रमाणे १०० फेडले. हे वर्षाला १५ ते १६ टक्के व्याजाच्या कर्जासारखं पडतं. तरीही हप्ते घ्यायला हरकत नाही, पण कर्ज देणारी संस्था कोण, हप्ता चुकल्यास दंड किती, आणि ऑपरेशन रद्द झालं तर कर्ज कोण बंद करणार, हे सहीआधी पाहा. ऑपरेशन न होताही हप्ते सुरू राहणं हा यातला सगळ्यात त्रासाचा प्रकार.

आरोग्य विमा बहुतेक वेळा हे ऑपरेशन ऐच्छिक मानून नाकारतो. काही पॉलिसींत ठरावीक डायॉप्टरच्या वरच्या नंबरला भरपाई असते, तीही प्रतीक्षा काळ संपल्यावर. पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा आणि पूर्वमंजुरी लेखी मिळाल्यावरच तारीख घ्या. तोंडी 'क्लेम होईल' याला अर्थ नाही. नंबरचा कागद, नकाशे, डिस्चार्ज कार्ड आणि तपशीलवार बिल सोबत लागतं. नोकरीच्या ठिकाणी वैद्यकीय खर्चाची वेगळी तरतूद असेल तर तीही विचारा.

खर्च वसूल होण्याचा हिशेब करताना वर्षाला चष्मा, लेन्स आणि लेन्सच्या द्रावणावर जातं तेवढ्याने एकूण खर्चाला भागा. जेवढी वर्षं येतील त्यांत पहिल्या वर्षाचे अश्रूथेंब आणि चाळिशीनंतरचा वाचायचा चष्मा धरायला विसरू नका. फक्त चष्मा वापरणाऱ्याला पैशांच्या दृष्टीने हे क्वचितच परवडतं. त्यांनी सोयीसाठीच करावं आणि तसं स्वतःशी कबूल करावं.

सहावा टप्पा: ऑपरेशनचा दिवस

आदल्या दिवसापासून डोळ्यांना काजळ, मस्कारा, क्रीम नको. अत्तर, डिओ, आफ्टरशेव्ह लावून जाऊ नका, अल्कोहोलची वाफ लेझरच्या किरणांत अडथळा आणते. हलकं खाऊन जा, पूर्ण भूल नसते. सोबत कोणीतरी हवंच.

भूल थेंबांची. पापण्या उघड्या ठेवायला तारेचा चिमटा बसवतात, त्यामुळे पापणी मिटली जाण्याची काळजी नको. लॅसिकमध्ये पहिला अवघड क्षण सक्शनचा. डोळ्यावर कडी बसते, दाब जाणवतो आणि नजर हळूहळू अंधारून येते, काही सेकंद पूर्ण काळोख. हे अपेक्षित आहे. या वेळी घाबरून डोकं हललं तर सक्शन सुटतं आणि काप अर्धवट राहतो. मग ते पुन्हा लावतात किंवा तो दिवस सोडून देतात. तेव्हा श्वास संथ ठेवा, हनुवटी हलवू नका, काही वाटलं तर मान न हलवता बोला.

फ्लॅप उचलल्यावर समोरचा दिवा पसरट, विस्कटलेला दिसतो. त्याच्या मध्याकडे पाहत राहायचं. लेझरचा टकटक आवाज येतो, जळल्यासारखा वास येतो. तो उडालेल्या कणांचा असतो, काही पेटलेलं नसतं. नव्या मशीनवर हा भाग बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. डोळा हलला तर ट्रॅकर किरण त्याच्यामागे नेतो, जास्त हलला तर लेझर आपोआप थांबतं. मग फ्लॅपखाली सलाइनने धुऊन तो सपाट बसवतात आणि चिकटेपर्यंत थोडं थांबतात. निघण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली फ्लॅपला सुरकुती नाही ना हे बघून घेतात. दोन्ही डोळे मिळून साधारण १५ ते २० मिनिटं.

सातवा टप्पा: पुढचे तीन महिने

लॅसिक किंवा स्माईल झाल्यावर तीन-चार तास डोळे मिटून पडून राहा. चुरचुर, पाणी, धूसरपणा असतो; झोपून उठल्यावर बराच कमी होतो. दुसऱ्या दिवशी तपासणी, मग आठवडा, महिना, तीन आणि सहा महिने. गाडी पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

सगळ्यात मोठा नियम: महिनाभर डोळे चोळायचे नाहीत. झोपेत हात जातो म्हणून आठवडाभर रात्री पारदर्शक शिल्ड लावा. आंघोळ मानेखालून, डोक्यावरून पाणी घ्यायचं ते डॉक्टर सांगतील तेव्हा. पोहणं निदान दोन ते चार आठवडे बंद.

थेंब तीन प्रकारचे: अँटिबायोटिक साधारण आठवडाभर, स्टेरॉइड हळूहळू कमी करत, आणि अश्रूथेंब. दुधाळ दिसणारी बाटली चांगली हलवून घाला, नाहीतर औषध तळाशीच राहतं. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटं सोडा, लागोपाठ घातले तर दुसऱ्याने पहिला वाहून जातो. अश्रूथेंब प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या आणि कोरडं वाटण्याची वाट न बघता घाला. कॉर्नियातल्या नसा तुटलेल्या असल्याने पहिले काही महिने कोरडेपणाची जाणीवच कमी होते.

पीआरके असेल तर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात त्रासाचा. बँडेज लेन्स स्वतः काढू नका. पडलीच तर परत घालू नका, फोन करा. भूल देणारे थेंब घरी वापरायला मागू नका, त्यांनी जखम भरायची थांबते. उन्हात काही महिने अतिनील किरण अडवणारा गॉगल घाला. इथे स्टेरॉइडचे थेंब जास्त आठवडे चालतात, म्हणून मधूनमधून डोळ्याचा दाब मोजून घेणं आवश्यक. ते थेंब मनाने वाढवूही नका, थांबवूही नका.

काय बिघडू शकतं

रात्री दिव्यांभोवती वलयं आणि कोरडेपणा हे बहुतेकांना काही प्रमाणात होतंच. सहा महिने ते वर्षभरात कमी होतं, पण काहींचं थोडं राहून जातं. रात्री तासन्‌तास गाडी चालवणाऱ्यांनी हे आधीच विचारात घ्यावं. नंबर थोडा राहणं किंवा काही काळाने परत येणं मोठ्या नंबरमध्ये जास्त दिसतं. दुसरं लेझर तीन ते सहा महिन्यांनी, नंबर स्थिर झाल्याशिवाय नाही.

पहिल्या आठवड्यात फ्लॅपखाली सूज येऊ शकते. रुग्णाला फारसं दुखत नाही, फक्त धूसर वाटतं, म्हणून दुसऱ्या दिवशीची तपासणी 'छान दिसतंय' म्हणून टाळायची नाही. वेळेवर स्टेरॉइड दिलं की ती उतरते. संसर्ग क्वचित होतो, पण तो घाईचा प्रसंग. वाढत जाणारं दुखणं, लाली, आणि आधी सुधारलेली नजर पुन्हा घसरणं, यांपैकी काहीही झालं तर रात्र असो की सुट्टी, त्याच दिवशी दाखवा. डोळ्याला मार लागून फ्लॅप सरकला तरी तसंच. लॅसिकला काही वर्षं झाली असली तरी हे होऊ शकतं.

सगळ्यात गंभीर गोष्ट एक्टेशिया, म्हणजे कॉर्निया कमकुवत होऊन पुढे येणं. ती महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसते: सिलिंड्रिकल नंबर वाढत जातो आणि चष्म्यानेही स्पष्ट दिसत नाही. लवकर सापडली तर रायबोफ्लेविन आणि अतिनील किरणांच्या क्रॉस-लिंकिंगने ती थांबवता येते. नकाशा आणि जाडी यांच्यावर इतका भर दिला तो हिच्यासाठी.

कागद जपून ठेवा

ऑपरेशनच्या आधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता, जाडी, नकाशे, आणि किती मायक्रॉन काढले याची प्रत मागून घ्या. कागदावर ठेवा आणि फोटोही काढून ठेवा. पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेझर झालेल्या डोळ्यात नेहमीची सूत्रं चुकतात. जुने आकडे हाताशी असले तर तो अंदाज बराच सुधारतो. कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाबही खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो, म्हणून काचबिंदूची तपासणी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला लेझर झाल्याचं सांगा. चष्मा गेला तरी मायनस नंबरचा डोळा आतून लांबटच राहतो. पडद्याची तपासणी वर्षातून एकदा चालू ठेवा, आणि अचानक काळे ठिपके वाढले, विजेसारख्या चमका दिसल्या किंवा नजरेसमोर पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा.